दाढ, सुळा आणि विषदंत : साहित्य व सार्वजनिक भाषणातील एका प्रतिमेचे स्वरूप

बीजसंज्ञा : प्रतिमा, दंष्ट्रा, विषदंत, महाभारत, सार्वजनिक भाषण, द्वेषमूलक भाषा

प्रस्तावना

भाषेतील काही प्रतिमा इतक्या रुळलेल्या असतात की त्या प्रतिमा आहेत याचेच भान बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला राहत नाही. 'तो काळाच्या दाढेतून सुटला', 'विरोधकांचे दात त्यांच्याच घशात घातले', 'या प्रवृत्तीचे विषारी दात उपटले पाहिजेत', 'या कायद्याला दातच नाहीत' ही वाक्ये आपण वर्तमानपत्रांत वाचतो, सभांमध्ये ऐकतो. महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण करताना विद्यार्थ्यांच्या तोंडूनही ती आपल्या कानी पडतात. या सर्व वाक्यांत दात आहे. परंतु प्रत्येक ठिकाणी त्याचे कार्य निराळे आहे. एके ठिकाणी तो गिळतो, दुसऱ्या ठिकाणी विष टोचतो, तिसऱ्या ठिकाणी तो शिक्षेच्या अधिकाराचे दुसरे नाव असतो.

या प्रतिमेचे स्वरूप साहित्यात कसे आहे आणि सार्वजनिक भाषणात आल्यावर त्यात कोणता बदल घडतो, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. साहित्यात दात बहुधा एका विशिष्ट पात्राचा असतो आणि त्या दाताचे त्याने काय केले हा प्रश्न तेथे महत्त्वाचा ठरतो. सार्वजनिक भाषणात मात्र तोच दात पुष्कळदा एखाद्या संपूर्ण समूहाच्या तोंडात बसवला जातो आणि मग तो उपटण्यापलीकडे दुसरी कृतीच शिल्लक राहत नाही. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय या प्रतिमेचे योग्य मूल्यमापन होऊ शकत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. एक कल्पना, तीन शब्द

प्राण्याच्या तोंडातील हिंस्र दाताला मराठीत एकच सर्वसाधारण शब्द नाही. वाघ, कुत्रा किंवा रानडुक्कर यांचा 'सुळा' असतो. सापाचा 'विषदंत' किंवा साध्या बोलीत 'विषारी दात' असतो. आणि राक्षसाची, मृत्यूची वा काळाची 'दाढ' असते.

यांपैकी 'दाढ' या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. संस्कृतमधील 'दंष्ट्रा' हा शब्द 'दंश्' म्हणजे चावणे या धातूला साधनवाचक प्रत्यय लागून तयार झाला आहे. चावण्याचे साधन ते दंष्ट्रा. प्राकृतात त्याचे 'दाढा' झाले आणि मराठीत 'दाढ'. या प्रवासात अर्थही बदलला. मूळचा पुढचा, टोकदार, फाडणारा दात मराठीत मागच्या बाजूला सरकला आणि अन्न दळणारा चपटा दात ठरला. दाढ दुखते, दाढ किडते, अक्कलदाढ येते, तेव्हा त्या शब्दात कोणतेही भय उरलेले नसते. परंतु 'मृत्यूच्या दाढेत', 'काळाच्या दाढेखाली' अशा वाक्प्रचारांत जुनी दंष्ट्रा अजून टिकून आहे. रोजच्या वापरात सौम्य झालेल्या शब्दाचा मूळ उग्र अर्थ वाक्प्रचाराने जपून ठेवावा, याचे हे चांगले उदाहरण होय.

२. दाढ : गिळणारी आणि उचलणारी

भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपदर्शन हे दंष्ट्रेच्या प्रतिमेचे भारतीय साहित्यातील सर्वांत परिचित स्थळ असावे. अर्जुनाला दिसणारी मुखे दंष्ट्रांमुळे भयंकर झालेली आहेत आणि त्या मुखांत दोन्ही पक्षांचे योद्धे वेगाने शिरत आहेत. काहींची मस्तके चूर्ण होऊन दातांच्या फटींत अडकलेली त्याला दिसतात. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरीत हाच प्रसंग मराठी श्रोत्यांसाठी अधिक विस्ताराने मांडला.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ही दाढ शत्रूची नाही. ती ज्याला अर्जुन आपला सखा म्हणून ओळखत होता त्याचीच आहे आणि तिच्याखाली कौरव व पांडव अशा दोन्ही बाजूंचे वीर जात आहेत. काळाची दाढ पक्ष पाहत नाही. म्हणूनच या दर्शनाने अर्जुनाला भय वाटते. कोणाविषयी द्वेष वाटत नाही.

याच दंष्ट्रेचे दुसरे रूप वराहावतारात आढळते. पाण्यात बुडालेली पृथ्वी वराह वर काढतो ती सुळ्याच्या आधाराने. मध्य प्रदेशातील विदिशेजवळच्या उदयगिरी येथील ५ व्या क्रमांकाच्या लेण्यात गुप्तकालीन भव्य वराहशिल्प आहे. बदामीच्या ३ ऱ्या क्रमांकाच्या, इ. स. ५७८ चा शिलालेख असलेल्या लेण्यातही वराह कोरलेला आहे. जो अवयव फाडण्यासाठी असतो त्याच्याच आधाराने पृथ्वीला सांभाळून वर आणले जाते, ही या कल्पनेची विशेषता होय. एकच दंष्ट्रा एका ठिकाणी संहारक आणि दुसऱ्या ठिकाणी तारक ठरते. तिचा अर्थ दाताच्या आकारावरून ठरत नसून त्याच्या उपयोगावरून ठरतो.

३. सुळा : दाखवण्याचा दात

'हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे दात वेगळे' ही म्हण दांभिकतेवर बोट ठेवते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हत्तीचा सुळा हा खरोखरचा सुळाच नव्हे. तो वरच्या जबड्यातील वाढलेला पटाशीचा दात असतो, तर रानडुकराचे सुळे हे खरे सुळे असतात. हत्ती अन्न चावतो ते तोंडाच्या आतल्या दाढांनी. म्हणजे म्हणीतील निरीक्षण शास्त्रीयदृष्ट्याही अचूक आहे.

गणेशाच्या 'एकदंत' या नावामागील कथांत हा सुळा आणखी निराळा अर्थ घेतो. एका कथेनुसार परशुरामाच्या परशूने तो तुटला. दुसऱ्या लोकप्रिय कथेनुसार महाभारत लिहिताना लेखणी म्हणून गणेशाने स्वतःचा दात वापरला. पहिल्या कथेत आघात सोसणे आहे, तर दुसऱ्या कथेत शस्त्राचे लेखणीत रूपांतर आहे. दोन्ही कथांत सुळा गमावल्याने त्या देवतेला उणेपणा येत नाही. उलट तोच तिच्या नावाचा व ओळखीचा भाग बनतो.

४. विषदंत : डुंडुभाचा प्रश्न

सापाचा दात मात्र या दोहोंपेक्षा वेगळ्या भावनेशी निगडित आहे. तो लहान असतो, दिसत नाही आणि त्याचा परिणाम चावल्यानंतर होतो. त्यामुळे या प्रतिमेत भयाबरोबर संशयही मिसळलेला असतो. या संशयाचा सर्वांत सखोल विचार महाभारताच्या आदिपर्वात झालेला आहे.

भृगुकुलातील रुरू या तरुणाची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशाने मरण पावते. रुरू आपले उरलेले अर्धे आयुष्य देऊन तिला परत मिळवतो आणि त्यांचा विवाह होतो. परंतु त्याचा राग शमत नाही. दिसेल तो साप मारण्याची तो प्रतिज्ञा करतो आणि हातात दंड घेऊन फिरू लागतो. एके दिवशी अरण्यात त्याला एक वृद्ध डुंडुभ, म्हणजे बिनविषारी साप, पडलेला दिसतो. रुरू दंड उगारतो, तेव्हा तो डुंडुभ बोलू लागतो. मी तुझा काहीही अपराध केलेला नाही. माणसांना दंश करणारे साप ते वेगळे. आम्ही केवळ नावारूपाने साप असल्यामुळे त्यांच्या वाट्याचे संकट मात्र आमच्यावर येते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. पुढे तो शापित ऋषी असल्याचे उघड होते आणि तो रुरूला अहिंसेचा उपदेश करतो.

रुरूचे दुःख खरे आहे, दंशही खरा आहे आणि विषारी सापांचे अस्तित्वही खरे आहे. यांपैकी कशाचाही इन्कार कथा करीत नाही. ती फक्त एवढे विचारते की ज्याच्यावर दंड उगारला गेला आहे त्याच्या तोंडात विषदंत आहे काय? रुरूने तो पाहिलेला नाही. त्याने सापाचा आकार पाहिला आणि आकारावरून दात गृहीत धरला.

हीच गोष्ट जनमेजयाच्या सर्पसत्रात राज्याच्या पातळीवर घडते. परीक्षिताला तक्षकाने दंश केला. त्याचा सूड म्हणून समस्त सर्पकुळाची आहुती देण्याचे ठरले. ते सत्र थांबवतो आस्तीक, ज्याची माता नागकुळातील व पिता ऋषी आहे. महाभारताची कथा याच सत्राच्या प्रसंगी सांगितली गेली, अशी त्या ग्रंथाची रचना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही रुरू व डुंडुभ यांची कथा आदिपर्वाच्या आरंभीच्या भागात आहे. एका दंशाचा सूड संपूर्ण जातीवर घ्यावा काय, हा प्रश्न अशा रीतीने या महाकाव्याच्या दारातच उभा केलेला आहे.

५. विष असूनही न चावणे

विषदंताच्या प्रतिमेचा दुसरा धागा संयमाचा आहे. रामकृष्ण परमहंस सांगत असत त्या दृष्टांतात एक ब्रह्मचारी सापाला हिंसा सोडण्याचा उपदेश करतो. साप तो इतका मनावर घेतो की गुराख्यांची मुले त्याला मारून अर्धमेला करतात. परतलेला ब्रह्मचारी त्याला म्हणतो की मी चावू नकोस असे सांगितले होते, फुत्कार करू नकोस असे सांगितले नव्हते. चावण्याची क्षमता आणि चावण्याची कृती यांच्यामध्ये 'फुत्कार' ही तिसरी अवस्था या दृष्टांताने दाखवून दिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवर लिहिल्या गेलेल्या आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कुरुक्षेत्र' या हिंदी काव्यात रामधारी सिंह 'दिनकर' यांनी क्षमेची चर्चा करताना विषधर सापाचीच प्रतिमा योजली. ज्याच्याजवळ विष आहे त्याचीच क्षमा अर्थपूर्ण, असा तेथील विचार आहे. या दोन्ही ठिकाणी साप म्हणजे 'आपण' आहोत, हे महत्त्वाचे. आपल्या सामर्थ्याचे आपण काय करावे, असा तो प्रश्न आहे.

मराठी संतपरंपरेत एकनाथांनी (१५३३–१५९९) विंचवाच्या भारुडात याच्याही पुढे जाऊन दंश करणारा प्राणी माणसाच्या आतच शोधला. तेथे दाताऐवजी नांगी असली तरी विचाराची दिशा तीच आहे. काम आणि क्रोध हेच विंचू असल्याने उतारा शोधायचा तो स्वतःच्या वृत्तीत.

६. प्राणिशास्त्राची साक्ष

'विषारी दात उपटणे' या वाक्प्रचाराची प्राणिशास्त्राच्या आधारे तपासणी केली असता तो तीन बाबतीत फसवा असल्याचे दिसून येते.

पहिली बाब अशी की सापाचा दात स्वतः विषारी नसतो. विष तयार होते ते डोक्याच्या बाजूंना असलेल्या ग्रंथींत. दात ही ते विष पोहोचवणारी नळी किंवा पन्हळ होय. नाग व मण्यार यांचे विषदंत जबड्याच्या पुढच्या भागात आखूड व स्थिर असतात. घोणस व फुरसे यांचे विषदंत लांब असून एरवी टाळूला समांतर दुमडलेले राहतात आणि दंशाच्या वेळी उभे होतात.

दुसरी बाब अशी की विषदंत पडला किंवा पाडला तरी त्याच्या मागे बदली दात तयार होत असतात आणि काही काळाने ते त्याची जागा घेतात. गारुडी दात काढलेला साप खेळवतात. परंतु तो साप कायमचा निर्विष झालेला नसतो. ग्रंथी शाबूत असते आणि दात पुन्हा येतो.

तिसरी बाब म्हणजे भारतात आढळणाऱ्या सापांच्या जातींपैकी बहुसंख्य जाती माणसाला निरुपद्रवी आहेत. धामण व दिवड यांच्यासारखे साप शेतात उंदीर वा बेडूक खाऊन राहतात, तरी केवळ साप म्हणून मारले जातात. महाभारतातील डुंडुभाची तक्रार आजच्या बांधावरही तशीच लागू पडते.

याचा अर्थ सर्पदंशाचे संकट लहान आहे असा मुळीच नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. ते टाळण्याचा मार्ग साप ओळखणे, रुग्णाला त्वरित रुग्णालयात नेणे आणि प्रतिविष देणे हाच आहे. आणि ते प्रतिविषही सापाच्या विषाचाच उपयोग करून घोड्याच्या रक्तात तयार करून घेतले जाते. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी जोडले गेले आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्राचे उपाय करणे हा गुन्हा ठरवला. प्रत्यक्ष दंशावर मंत्र चालत नाही हे आपण कायद्याने मान्य केले आहे. प्रतिमेतील दंशावर मात्र सभेतील मंत्र अजून चालतात.

७. सार्वजनिक भाषणातील दात : संस्था

सार्वजनिक चर्चेत ही प्रतिमा दोन भिन्न प्रकारे वापरली जाते. पहिला प्रकार संस्था व कायदे यांच्या संदर्भातील आहे. मणिपूरमधील चकमकींच्या प्रकरणात जुलै २०१६ मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे, हा आयोग 'दंतहीन वाघ' होऊन बसल्याबद्दल खेद व्यक्त केला होता. १९९३ च्या कायद्याने या आयोगाला प्रामुख्याने शिफारशी करण्याचा अधिकार दिला आहे, ही त्यामागील वस्तुस्थिती होय.

याउलट २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम २० पाहावे. माहिती देण्यास विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये, एवढा दंड करण्याचा अधिकार माहिती आयोगाला आहे. 'या कायद्याला दात आहेत' असे कोणी म्हटले तर तो दात कलमाच्या क्रमांकासह दाखवता येतो. तो पुरेसा धारदार आहे का, तो प्रत्यक्षात वापरला जातो का, यावर मतभेद होऊ शकतात आणि ते पुराव्याने सोडवताही येतात. अशा ठिकाणी प्रतिमा विचाराला साहाय्य करते.

८. सार्वजनिक भाषणातील दात : समूह

दुसरा प्रकार माणसांच्या समूहांविषयीचा आहे. एखादी जात, धर्म, प्रांत, भाषिक गट किंवा विचारसरणीचे अनुयायी यांना साप म्हणणे, त्यांचे विषारी दात उपटण्याची किंवा फणा ठेचण्याची भाषा करणे हे कोणत्याही एका पक्षाचे वैशिष्ट्य नाही. येथे दात दाखवता येत नाही. कोणी, कधी, कोणाला, काय केले हे सांगण्याची गरजच प्रतिमा संपवून टाकते. साप म्हटले की त्याच्याशी संवाद, वाद किंवा तडजोड या शक्यता आपोआप बाद होतात आणि उरते ती काठी. शिवाय 'तो शांत आहे' ही गोष्टही त्याच्या विरुद्धच पुरावा ठरते, कारण साप दंशापूर्वी शांतच असतो. जिचे खंडन कोणत्याही वर्तनाने होऊ शकत नाही अशी ही आरोपाची रचना आहे.

मराठीतील एक म्हण या बाबतीत अधिक शहाणी आहे. 'साप साप म्हणून भुई धोपटणे' या वाक्प्रचाराने आपल्या भाषेने अशा आरडाओरडीची थट्टा फार पूर्वीच करून ठेवली आहे.

ही भाषा कोणत्या टोकाला जाऊ शकते याचे न्यायालयात तपासले गेलेले उदाहरण आफ्रिकेतील रवांडाचे आहे. तेथे १९९४ मध्ये एप्रिल ते जुलै या सुमारे १०० दिवसांत तुत्सी समाजाचा वंशसंहार झाला. मृतांचा आकडा ८ लाखांच्या आसपास असल्याचे सामान्यतः मानले जाते. त्याआधीच्या आणि त्या काळातील प्रचारात तुत्सींना 'इन्येंझी' म्हणजे झुरळे आणि 'इंझोका' म्हणजे साप असे संबोधले जात होते. या प्रचाराशी संबंधित रेडिओ केंद्र व नियतकालिक चालवणाऱ्या तिघांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ३ डिसेंबर २००३ रोजी दोषी ठरवले. २००७ मध्ये अपिलात त्यांपैकी काही आरोप रद्द होऊन शिक्षा कमी झाल्या, तरी तिघांचीही दोषसिद्धी पूर्णतः पुसली गेली नाही. केवळ शब्दांनी संहार घडतो असे म्हणणे अतिसुलभ होईल. त्यामागे राजकीय, आर्थिक व संघटनात्मक कारणे असतात. परंतु शेजाऱ्याला साप म्हणण्याची सवय लागल्यावर शस्त्र उचलताना मनाला होणारा अडथळा कमी होतो, एवढे यातून निश्चित दिसते.

भारतातही विधी आयोगाने मार्च २०१७ मधील आपल्या २६७ व्या अहवालात द्वेषमूलक भाषणाचा स्वतंत्रपणे विचार केला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये समूहांत शत्रुत्व वाढवण्याच्या कृत्यास शिक्षा आहे. तथापि प्रत्येक रूपकावर खटला भरता येणार नाही आणि तो भरला जाऊही नये. कायद्याची सीमा जेथे संपते तेथून पुढचे काम भाषाशिक्षणाचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) मराठीत दाढ, सुळा व विषदंत या तीन शब्दांभोवती अनुक्रमे काळाचे भय, दिखाव्याचे सामर्थ्य आणि लपलेल्या वैराचा संशय असे तीन वेगळे भावगट तयार झाले आहेत.

(२) साहित्यातील थोर उदाहरणांत दात विशिष्ट धारकाचा असतो. विश्वरूपाची दाढ दोन्ही पक्षांना गिळते, वराहाचा सुळा पृथ्वीला उचलतो, रामकृष्णांचा साप फुत्कार करायला शिकतो. डुंडुभाची कथा तर आकारावरून दात गृहीत धरण्याच्या प्रवृत्तीचीच चिकित्सा करते.

(३) सार्वजनिक भाषणात संस्थेच्या दाताविषयीचे विधान तपासता येते. समूहाच्या विषदंताविषयीचे विधान तपासता येत नाही. पहिले विधान चर्चा पुढे नेते, दुसरे ती बंद करते.

(४) 'विषारी दात उपटणे' हा उपाय प्राणिशास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही.

अध्यापकांसाठी यातून एक छोटी कृती सुचवता येईल. अलंकार शिकवताना आपण उपमेय, उपमान व साधारण धर्म ओळखावयास लावतो. त्याच तासाला, भाषणातील एखादे वाक्य घेऊन विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारता येतील : दात कोणाचा आहे, तो कोणी पाहिला आहे, आणि तो दाखवता येतो काय? वक्तृत्व स्पर्धेत विषारी दात उपटण्याच्या घोषणेवर टाळ्या पडतात, तेव्हा परीक्षकाच्या आसनावर आपणच बसलेले असतो. त्या वेळी गुणपत्रिकेवर आकडा लिहिण्यापूर्वी आपणही हे तीन प्रश्न मनाशी विचारावेत.